किलकेनीतला 'युवर मॅन'

डब्लिनजवळच्या ओंगारहून मी निघाले तेव्हा अमेरिकेत अजून मतं मोजतच होते. ह्यांना कंपनीने आठवडाभराच्या कामासाठी किलकेनीला पाठवलं होतं. तिथेच न्यूमोनिया झाला. आज ऑक्सिजन काढून बघणार होते. जमलं तर निभावलं, नाहीतर डब्लिनच्या मोठ्या इस्पितळात हलवायचं. "काय होईल ते आत्ता सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या.

लॉकडाउनमुळे आगगाडी रिकामी. समोरच्या मास्कवाल्या आजोबांनी न विचारता पेनसिल्व्हेनियात कोण जिंकणार याचं भविष्य सांगितलं. आपल्याकडे पोपटवाला ज्योतिषी निदान दक्षिणा तरी मागतो, इथे सगळं फुकट! आमचे हेसुद्धा तसलेच. धाप लागलेली असताना फोनवर रोज निवडणुकीचं नवं भाकीत. बाहेर हिरवं, मेंढ्या, पुन्हा हिरवं. नवी नवी आले तेव्हा याचे फोटो पुण्याला पाठवत होते. त्या दिवशी बघवेना.

किलकेनीला भुरभुर पाऊस होता. टॅक्सीत रेडिओ बडबडत होता, माझं लक्ष नव्हतं. इस्पितळाचं नाव सांगितलं तशी ड्रायव्हरने मान हलवली.

"युवर मॅन इज फिनिश्ड," तो म्हणाला. "शुक्रवारपर्यंतही टिकत नाही, बघा."

आपण बायका नवऱ्याला 'आमचे हे' म्हणतो, तसा हा 'तुमचे हे' म्हणतोय असंच मला वाटलं. गाव लहान, बातमी फिरली असणार.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी कसंबसं विचारलं.

"सकाळपासून रेडिओवर तेच तर चाललंय!"

आरशात माझा चेहरा बघून त्याने गाडी कडेला घेतली. "ओ गॉड, मिसेस! तुमचा नवरा नाही हो! युवर मॅन म्हणजे तो बुवा, अमेरिकेचा अध्यक्ष. आम्ही कुणालाही तसंच म्हणतो."

त्याने रेडिओ बंद केला. मी मात्र रडतच राहिले. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं, ते एकदम बाहेर आलं.

वॉर्डच्या दाराशी नर्स आली. "युवर मॅन्स ग्रँड," म्हणाली. (ग्रँड म्हणजे इथे भव्य नव्हे, ठीकठाक.)

"कुठला?" मी विचारलं.

ती गोंधळली. "तुमचाच की! सकाळी ऑक्सिजन काढलाय, छान श्वास घेतायत. आत्ताच डोळा लागलाय."

आत सोडत नव्हते, काचेतून पाहिलं. दाढी वाढलेली, तोंड उघडं. लग्नातसुद्धा इतके देखणे दिसले नव्हते.

परतीच्या गाडीत ह्यांच्यासाठी नेलेला मेतकूट-भात गारढोण झालेला मीच खाल्ला. वाटलं, पुढचं आधी कळावं अशी सगळ्यांनाच घाई, मलाही होती. पण आधी कळून मी काय करणार होते? डबा घेऊन यायची ती आलेच असते.

फोन वाजला. ह्यांचा आवाज बारीक होता, पण शब्दांमध्ये धाप नव्हती.

"अगं, मला झोप लागली होती. लागला का निकाल? कोण आलं निवडून?"

"तुम्ही," मी म्हणाले.