बाभळीखालच्या चपला

मी फौजदार असतानाचा शहागडजवळचा तो सापळा आठवला की अजून अंगात तरतरी येते आणि लगेच मान खाली जाते. त्या दिवशी मी आधी भलत्याच माणसाचा दंड धरला होता.

जालन्याचे एक मारवाडी कापड व्यापारी हौशी मंडळींना दोन दिवस गोदाकाठी आणत. चालायचे, नदी पोहून ओलांडायची, पलीकडून पुढे चालायचे. निजामाच्या काळात करोडगिरी, म्हणजे जकात, चुकवून मीठ-कापड नदीतून कसे जाई, हे शेठ वाटेत रंगवून सांगत. प्रत्येकाच्या कमरेला पाण्यावर तरंगणारी पिवळी थैली असे.

माझ्या खबऱ्याने खबर दिली, "सायेब, त्या थैल्यांतून गुटखा पार होऊन राह्यला. शेठलाच धरा."

रविवारी सकाळी पंच घेऊन आम्ही दबा धरला. मंडळी पाण्यात उतरणार, तोच मी शेठना पकडले.

"माल काढा."

"माल म्हणाल तर दशम्या आहेत, साहेब. चटणी तिखट आहे, जरा सांभाळून."

सगळ्यांदेखत थैल्या उलट्या केल्या. कपडे, बूट, दशम्या. शेठचा चेहरा उतरला. "हे बाजारात पसरलं तर दुकानाची पायरी कोण चढेल, साहेब?"

मी चिडून बाभळीखाली बोट दाखवले. "त्या चपला कुणाच्या?"

"आमच्या बिलकुल नाहीत. आम्हाला पलीकडून चालायचंय, पायताण थैलीत नेतो. ज्याला इकडंच परतायचंय, तोच ठेवून जातो."

मी जवळ गेलो. टायरचा तळ, लाल वायरने बांधलेला अंगठा. हा जोड ठाण्याच्या दाराबाहेर मी कितीदा पाहिला होता. माझ्याच खबऱ्याचा. आम्हाला शेठच्या मागे लावून गडी मधल्या वेळात नदीत उतरला होता.

पलीकडच्या ठाण्याला फोन लावला. शेठना म्हणालो, "काही घडलंच नाही असं दाखवून पाण्यात उतराल?" थैल्या पुन्हा भरून त्यांनी मंडळींना पाण्यात घेतले.

आम्ही झुडपाआड पडून राहिलो. वळणावरून मंडळींच्या थैलीसारखीच एक पिवळी थैली उलट दिशेने, आमच्याकडे येऊ लागली. काठावर येऊन खबऱ्याने एका चपलेत पाय घातला. दुसरीवर हवालदाराने बूट ठेवला. "काटे लई हायेत बाबा. नीट घाल, मंग जाऊ."

पलीकडे गुटख्याची पोती सापडली. माझे कौतुक झाले. खबरीआधी खबऱ्याला तपासावे, हे शिकलो. शेठची माफी मात्र मागितली नव्हती; पाण्यात उतरताना नुसते "जा आता" म्हटले होते.

मुदतीआधी निवृत्ती घेतल्यावर मीच त्या मंडळींत नाव दिले. त्याच काठावर, सगळे पाण्यात उतरण्याआधी, शेठसमोर उभा राहिलो.

"शेठ, चारचौघांत तुमचा दंड धरला होता, म्हणून चारचौघांतच सांगतो. चूक माझी होती. मला माफ करा."