एम-सीलनं बुजवलेलं भोक

मस्तगडच्या बोळातला तो दुरुस्तीवाला गेमचं मशीन खोलण्याआधी प्रत्येकाला तेच सांगायचा, पाठ झालेल्या, थकलेल्या आवाजात.

"चिप बसवतो. नकली सीड्या बराबर चालतील. पण इंटरनेटला बिलकुल जोडू नका. कंपनीला कळलं की मशीन ऑनलाइनमधून कायमचं बाद. अन् बोभाटा करू नका. शेजारच्या सीडीवाल्याला पोलिसांनी नेल्तं."

ऐकायचं कुणीच नाही. मग त्यानं स्वतःच उपाय काढला. चिप बसवली की इंटरनेटच्या वायरीचं भोक तो एम-सीलनं बुजवून टाकायचा. गिऱ्हाईक भांडायचं, हा अंगठ्यानं एम-सील दाबत राहायचा.

माझंही मशीन त्यानं असंच बुजवलं. तेव्हा फळीवर त्याचं स्वतःचं मशीन दिसलं. कंपनीचं सील शाबूत, एकही स्क्रू फिरवलेला नाही.

"तुमच्यात चिप न्हाई बसवली?"

"न्हाई. महाग पडली तरी अस्सलच सीडी घेतो." त्यानं सोल्डरचा धूर फुंकला. "भाऊ दुबईला हाय. वाटणीवरून बोलचाल बंद झाली. पण ऑनलाइन गेममधी अजून एकाच टीमकडून खेळून राह्यलो."