मायला ऐकू आलेली मोटर

करणी, भानामती असलं कुणी बोलू लागलं की मी उठून जाणारा माणूस. आजही मत फारसं बदललेलं नाही. पण हे घडलं, आणि त्यात चूक माझी होती... म्हणून लिहितोय.

वाशीमजवळ आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. बायकोला, शोभाला, थायरॉईडची गोळी सुरू आहे. एकदा मेडिकलवर पन्नास पॉवरची मिळाली नाही. शंभरची आणली, ती अर्धी करून घ्यायची होती. घरी येऊन हे सांगायचं मी विसरलो.

पुढे तिची छाती धडधडू लागली. हात थरथरायचे. "अहो, छातीत कोणी धावून राह्यलं," म्हणायची. शेजारणी नजर काढून गेल्या. शोभा अख्खी गोळी घेतेय हे माझ्या लक्षात आलं होतं, पण लाज वाटली. उद्या सांगू, उद्या सांगू — असं करत राहिलो.

एका दुपारी आम्ही दोघं आणि माझी माय सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होतो. माय ठार बहिरी, कित्येक वर्षं हातवाऱ्यांवरच चालतं. अचानक म्हणाली, "मोटर कायले चालू ठेवली रे? डोकं उठलं."

विहिरीवरची मोटर बंदच होती, वीज गेलेली, लाइनच नव्हती! शोभा हसली, "घ्या, सासूबाईले मोटर ऐकू येऊन राह्यली." आणि पाणी प्यायला लांब माठाकडे गेली.

"झाली बंद," माय म्हणाली.

शोभा परत येऊन बसली.

"लावली पुन्हा?" मायनं विचारलं.

मग माय सरकत सरकत आली आणि तिनं शोभाच्या छातीवर हात ठेवला. "इथं हाये. गजा, इची मोटर जळून जाईन रे."

मी तिथंच सगळं सांगून टाकलं.

शोभानं हातातली जुडी खाली ठेवली. "मी मरून राह्यली समजून पोरीले सोनं कुठं ठेवलं ते सांगून बसली... अन् तुमी बोलले नाही?"

लगेच दवाखान्यात नेलं. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, डोस ठीक केला. हळूहळू धडधड थांबली.

मायला नंतर काहीच ऐकू आलेलं नाही. खरी मोटर लावून तिला शेजारी उभं केलं, तरी नाही. डॉक्टरांना सांगितलं, तर ते नुसते हसले. मला याचा उलगडा अजून झालेला नाही.

शोभा मला कधी टोचून बोलली नाही. गोळ्या मात्र ती स्वतः आणते. आणि मी जरा गप्प बसलो, की हातातलं काम थांबवून विचारते, "काय लपवून राह्यले?"