रत्नाआत्याचं शेवटचं कडवं

कमलमावशीचा फोन आला तेव्हा मी बदलापूरला, कात्रपच्या बाजारात भाजी घेत होते. "रत्ना गेली गं..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. रत्ना म्हणजे माझी आत्या. या दोघी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये भिंतीला भिंत लावून राहिल्या आणि एकाच गायन पार्टीत आयुष्यभर गायल्या. मी मिळेल ती रिक्षा पकडली. वाटेत मोबाइल उघडला तर तिचंच गाणं गाऊन मोठा झालेल्या त्या गायकाची पोस्ट पुढ्यात हजर. 'माझी मोठी ताई हरपली.' खाली फोटो आत्याचा नव्हे, स्वतःचा. हातात माईक, डोळे मिटलेले. लोकांनी त्यालाच धीर दिला होता. त्या रिक्षात मला रडू आलं नाही, तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून खाली उतरलेली नाही आणि हा लेख मी रागातच लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. त्याचं नाव मात्र इथे येणार नाही. त्याने तिचं नाव गिळलं, मी त्याचं गिळते.

आत्या अंबरनाथला बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे, पण भीमजयंतीचे दिवस आले की संध्याकाळी पांढरी साडी नेसून पार्टीबरोबर निघायची. आज कॅम्प पाच, उद्या अंबरनाथ, परवा बदलापूर गाव. गाणी तिचीच असायची. कारखान्यात उभ्या उभ्या रचायची आणि घरी येऊन कमलमावशीला म्हणून दाखवायची. त्यातलं 'चुंबळ' सगळ्यांत गाजलं. डोक्यावरून विटा वाहणारी आई एक दिवस चुंबळ खाली ठेवते आणि लेकीला शाळेत घेऊन जाते, असं ते गाणं. ती आई म्हणजे माझी आजी. आमच्याकडे गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. ते नाव आलं की लोकांना कळतं, गाणं संपत आलं आणि ते कोणाचं आहे. 'चुंबळ'च्या शेवटी 'रत्ना म्हणे' यायचं आणि बायका पदर डोळ्याला लावायच्या.

हा पार्टीत बेंजो वाजवायचा. आवाज गोड, वागणं त्याहून गोड. एक दिवस म्हणाला, "ताई, चुंबळ मी रेकॉर्ड करू का?" आत्या म्हणाली, "कर की. गाणं काय पेटीत ठेवायला असतं?" गाणं दिलं होतं तिने, नाव दिलं नव्हतं. व्हिडिओ आला, गावोगावी वाजला, आणि शेवटच्या कडव्यात 'रत्ना म्हणे'च्या जागी हे महाशय स्वतः उभे! मी भांडायला निघाले तर आत्याने मलाच गप्प केलं. "जाऊ दे गं. लोक गातायत ना?" तिच्या या 'जाऊ दे'चा मला तेव्हाही संताप यायचा.

मागच्या वर्षी बदलापूरला लोकगीतांच्या चाहत्यांचा मेळावा भरला. अशा मेळाव्याला आम्ही दोघी पहिल्यांदाच गेलो. आत्या जन्मभर स्टेजवर बसलेली, समोरच्या खुर्चीत कधी बसलीच नव्हती. तिची नजर ठरेना. आपापल्या आवडत्या गायकाचे फोटो छापलेले टी-शर्ट घातलेली पोरं, मोठे पडदे, सेल्फीसाठी ढोलकीचं कटआउट. "एवढी माणसं फक्त ऐकायला आली?" असं तिने मला दोनदा विचारलं. मग हा स्टेजवर आला आणि त्याने 'चुंबळ' म्हणायला घेतलं. सगळं मैदान गायला लागलं. शेजारची कॉलेजातली मुलगी डोळे मिटून म्हणत होती, एक शब्द चुकत नव्हती. आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग तिने बटव्यातून नोट काढली, पदर नीट केला आणि थेट स्टेजवर चढली. आमच्यात गाणं आवडलं की बक्षीस द्यायचं, आणि गायकाने गाणं थांबवून देणाऱ्याचं नाव माईकवरून पुकारायचं. ती त्याच्या कानाशी वाकली. काय सांगितलं ते मला न ऐकताही कळलं. त्याने नोट घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाला, "एका रसिक माउलीकडून!"

ती खाली आली. खुर्चीत बसली. मग म्हणाली, "मी त्याला म्हटलं, रत्नाकडून म्हण, एवढंच म्हण. त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं गं... आणि तरी नाव घेतलं नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी तिला रागावलेली पाहिली. त्या दिवसापासून तिच्या तोंडून 'जाऊ दे' गेलं ते गेलंच.

आणि तो आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्यातल्या श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला आला. पांढरा कडक कुडता, सोबत मोबाइल धरायला माणूस. "जय भीम. ताईंना दोन शब्द गाऊन वाहतो." मी लगेच माईक दिला नाही. म्हटलं, "चुंबळ गा. पण शेवटचं कडवं तिच्या नावानेच." सगळ्यांसमोर मान डोलावून कबूल झाला. गायला छान, खोटं कशाला बोलू. आत्याच्या फोटोकडे हात करून शेवटच्या कडव्यावर आला... आणि स्वतःचंच नाव घेतलं. मुद्दाम नव्हतं ते. इतकी वर्षं तेच घोकल्यावर जीभ दुसरीकडे वळणार कशी? हॉलमधल्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. तो घाबरला, पुन्हा सुरुवात केली, 'रत्ना म्हणे' म्हणाला आणि अडकला. पुढची ओळच त्याला येईना. सोबतच्या माणसाने मोबाइल खिशात घातला. स्वतःचं नाव बसवताना त्याने ती ओळ कधीच मोडून टाकली होती. त्याची ती फजिती मी पोटभर पाहिली. माझ्या जिवाला फार बरं वाटलं.

तेव्हा मागून कमलमावशीने बसल्या जागेवरून कडवं उचललं, जसं होतं तसं, आणि संपवलं.

जेवणानंतर तो माझ्यापाशी आला. "ताई, ते कडवं लिहून द्या ना. पुढच्या मेळाव्यात त्यांच्याच नावाने गातो, शपथ." म्हणजे सगळं मैदान 'रत्ना म्हणे' म्हणेल. आत्याने स्टेज चढून जे मागितलं होतं, ते तो आता स्वतःहून देत होता. मी म्हटलं, "नाही."

कमलमावशी म्हणते, "दे ना गं पोरी, तिचं नाव होईल." कळतंय मला. रात्रंदिवस कळतंय. आत्याची खोली आम्ही अजून रिकामी केलेली नाही. मावशी संध्याकाळी तिथे चटईवर तांदूळ निवडते आणि 'चुंबळ' म्हणते, मी मागे म्हणते. तो दर आठवड्याला फोन करतो. मी त्याला एकच सांगते, लिहून मिळणार नाही. ये, चप्पल दाराबाहेर काढ, खाली बस आणि आमच्या मागून म्हण.

अजून आलेला नाही.