प्रेअरीचा वाटाड्या

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गला बर्फ पडून नुकतं थांबलं होतं. मी घरूनच काम करत होते. प्रशांतच्या बायकोचा, मेधाचा फोन आला. "येतेस का? प्रशांत ड्राइव्हवेमध्ये पडलाय," एवढंच ती म्हणाली. आवाज इतका साधा, की मला वाटलं घसरला असेल, पाय मुरगळला असेल. मी आणि सुहास, माझा नवरा, पोचलो तेव्हा अँब्युलन्स त्या दोघांना घेऊन निघून गेली होती. ड्राइव्हवे अर्धा साफ झालेला, आणि जिथवर साफ झाला होता तिथं बर्फाचं फावडं आडवं पडलेलं… हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही, हार्ट अ‍ॅटॅक म्हणाले. प्रशांत देशकर, मूळचा अमरावतीचा, आमचा इथला सगळ्यात जवळचा मित्र, पन्नाशीही न गाठता गेला.

आमची ओळख मंडळाच्या गणपतीतली. सुहाससारखाच तोही आयटीत, पण गप्पा मात्र कधी ऑफिसच्या मारायचा नाही. आमच्या इलिनॉय राज्याला 'प्रेअरी स्टेट' म्हणतात हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ मी कधी विचारला नव्हता. माझ्यासाठी हे राज्य म्हणजे ऑफिस, मॉल, विमानतळ आणि शहर सोडलं की दोन्ही बाजूंनी न संपणारा मका. प्रशांतचंही सुरुवातीला तसंच होतं. एकदा हायवेचा चुकीचा एक्झिट घेतल्यामुळे तो मक्याच्या शेतांमधल्या एका जुन्या दफनभूमीपाशी जाऊन पोचला. कुंपणाच्या आत माणूसभर उंच गवत, त्यात जांभळी-पिवळी फुलं, आणि गवतात बुडालेले थडग्यांचे दगड. तिथं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्याला सांगितलं, की कधीकाळी सगळं राज्य असंच दिसायचं. बाकीची जमीन नांगराखाली गेली. मेलेल्या माणसांवरून मात्र कोणी नांगर फिरवला नाही, म्हणून इथं तेवढी प्रेअरी, म्हणजे मूळचं गवताळ रान, उरली. त्या बाई म्हणजे कॅरल, शाळेतल्या निवृत्त ग्रंथपाल. पुढच्या शनिवारी प्रशांत तिथं तण काढायला गेला, आणि मग जातच राहिला. दोनेक वर्षांत तिथं सहलीला येणाऱ्या शाळांच्या मुलांना माहिती सांगायचं काम कॅरलनं त्याच्याकडेच सोपवलं.

मी एकदा त्याच्याबरोबर गेले होते. पिवळी बस आली, मुलं उतरली आणि हा गवतात उभा राहून बोलायला लागला. त्याचं इंग्रजी अमरावतीचंच होतं, पण मुलं गप्प होऊन ऐकत होती. या गवताची मुळं माणसाच्या उंचीहून खोल जातात, साधा नांगर या मातीत चिकटून बसायचा, मग पोलादी नांगर आला आणि एका पिढीत सगळं गवत संपलं. मग रेल्वे आली, इथलं धान्य आणि मांस सगळ्या देशाच्या ताटात गेलं. गुलामी संपवणारा राष्ट्राध्यक्ष याच राज्यातून राजधानीला गेला, आणि त्यापायी झालेल्या यादवी युद्धात गेलेली इथली पोरं इथंच पुरलेली आहेत. एका दगडावरचं शेवाळ त्यानं हलकेच बोटानं बाजूला केलं. पुढे दक्षिणेतून कृष्णवर्णीय कुटुंबं आगगाडीनं शिकागोला आली, आपलं संगीत घेऊन आली. आणि या सगळ्यांच्या आधी जे लोक इथं राहत होते, ज्यांच्यावरून राज्याला नाव पडलं, त्यांना इथून हाकलून दिलं गेलं. हे सांगताना त्याचा आवाज खाली आला. मुलांबरोबर आलेल्या एका आजोबांनी त्याला विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?" प्रशांत हसून म्हणाला, "पश्चिमेकडचा. जरा जास्तच पश्चिमेकडचा, पॅसिफिकच्याही पलीकडचा." परत येताना गाडीत तो मला म्हणाला, "या देशानं स्वतःला इथं पेरलं, बघ. आणि माती कशी, आपल्याकडच्यासारखी काळीभोर."

तो स्वतः मात्र या देशाचा कधीच झाला नाही. आम्ही त्याच्या काही वर्षं आधी आलो, तेव्हा ग्रीन कार्डाची रांग लहान होती. तो आला तोवर ती इतकी लांबली होती, की व्हिसा वाढवून घेत बसण्यापलीकडे हातात काही नव्हतं. नागरिकत्वाच्या परीक्षेची माझी तयारी त्यानंच करून घेतली. मला घेऊन किराणा आणायला जायचा आणि वाटेत प्रश्न विचारायचा. "आपल्या राज्याची राजधानी?" मी म्हटलं, "शिकागो." त्यानं गाडी बाजूला घेतली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "काय करून राहिली, बाई! स्प्रिंगफील्ड!" मी शपथ घेतली तेव्हा मागच्या रांगेत सगळ्यात जोरात टाळ्या त्याच्याच होत्या. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आता तुझा नंबर." तो म्हणाला, "लागेल ना… गवताची मुळं किती वर्षं घेतात, ठाऊक आहे ना?" त्याच्या गवताच्या वेडाचा त्याच्या मुलीला, ईराला, मात्र कंटाळा होता. "बाबा, इट्स जस्ट ग्रास," असं ती मान वर न करता म्हणायची. तो कधी रागावला नाही.

तो गेल्यावर दहा दिवसही झाले नसतील, मेधाला वकिलाला भेटावं लागलं. तिचा व्हिसा त्याच्या व्हिसावर टांगलेला होता, आता तो नुसता हवेत राहिला. वकील म्हणाला, अर्ज करून बघता येईल, पण खात्री नाही. मेधानं रडून घेतलं, मग शांतपणे म्हणाली, "आता आणखी एक रांग नको मला." तिनं नागपूरला भावाकडे जायचं ठरवलं. ईरा इथंच जन्मलेली, म्हणून इथली नागरिक, इथंच कॉलेजात, ती इथं राहणार. मरणानं एक माणूस नेलं होतं, उरलेल्या दोघींना कागदांनी वेगळं केलं.

जाण्याआधी मेधाला एकच गोष्ट करायची होती. प्रशांतची थोडी राख त्या गवतात ठेवायची. तिनं रीतसर परवानगी मागितली. दफनभूमी बंद झालेली आहे, तिथं नवं काही ठेवता येत नाही, असं उत्तर आलं. मेधानं ते वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं. एप्रिलमध्ये कॅरलचा फोन आला, की शनिवारी गवत पेटवणार आहेत, तुम्ही सगळे या. वाळलेलं गवत ते वसंतात मुद्दाम जाळतात. मुळं खोल असतात, त्यांना काही होत नाही, उपरी झुडपं तेवढी मरतात. आम्ही कुंपणाबाहेर उभे होतो. ज्वाळा डोक्याच्या वर गेल्या, आवाज कापड फाडल्यासारखा, आणि चहाचा कप संपायच्या आत सगळं खाली बसलं. काळी जमीन, राखेचे पुंजके, आणि मध्ये ते दगड उघडे पडलेले… प्रशांतनं शेवाळ बाजूला केलेल्या दगडावरचं नावही दिसत होतं.

बाकीचे लोक पाण्याच्या टाक्या घेऊन दुसऱ्या टोकाला गेले. कॅरल मेधाजवळ आली, तिच्या पर्सवरच्या हाताकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाली, "मी जरा फाटकाकडे बघून येते. मला वेळ लागेल." आणि पाठ फिरवून सावकाश चालत गेली. मेधा आणि ईरा आत गेल्या. मी बाहेरच थांबले. मेधा खाली वाकली, मग ईरा वाकली. उठल्या तेव्हा जमिनीवर वेगळं असं काहीच दिसत नव्हतं. राखेत राख मिसळून गेली होती. ईरा हुंदका देत आईला म्हणाली, "आई, आता कुणाला कळणारच नाही." मेधानं तिचे काळे झालेले हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाली, "कळायचं काय, तो इथलाच आहे."

मेधा नागपूरला गेली. घर रिकामं करताना त्याचे कामाचे बूट तिनं माझ्याकडे दिले. धुवायला काढले होते, पण तळव्यांच्या खाचांत ती काळी माती बसली होती, ती काढायला आम्हा दोघींचा हात होईना. ते आमच्या गॅरेजमध्ये उभे होते. गेल्या शनिवारी ईरा आली, म्हणाली, "मावशी, बाबाचे बूट आहेत ना?" तिनं दोन मोजे एकावर एक चढवले आणि ते घालून बघितले. फारच मोठे होत होते. नाड्या करकचून बांधून ती गाडीत बसली, कॅरलकडे तण काढायला निघाली.