अक्कांच्या पदरातला फ्यूज

गेल्या पौषातल्या एका रविवारी सकाळी दहा वाजता चिखलीत माझ्या थोरल्या साडूंनी आपली विजेवरची करवत विकायला काढली. गिऱ्हाईक देऊळगाव राजाहून टेम्पो घेऊन आलं होतं, किंमत आधीच ठरली होती, आणि टेम्पोत करवतीखाली घालायला पोतीही अंथरली होती. दुपारी एक वाजता टेम्पो रिकामा परत गेला, कारण गिऱ्हाइकाच्या बोटातली अंगठी निघाली नाही.

हे समजायचं तर आधी साडू समजून घ्यावे लागतात. यंत्राला इतका भिणारा आणि तरीही रोज यंत्र चालवणारा दुसरा माणूस अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात नाही. त्यांची सगळी नोकरी वीज खात्यात लाइनमन म्हणून खांबावर गेली आणि ते जसे वर चढले तसे प्रत्येक वेळी खाली उतरले. याचं श्रेय ते स्वतःच्या धाडसाला देत नाहीत, भीतीला देतात. "भ्यायलेला मानूसच संध्याकाळी घरी जेवाले येते," असं ते म्हणतात. खांबावर चढण्याआधी उपकेंद्रातून परमिट घ्यावं लागतं. परमिट म्हणजे लाइन बंद केली आहे आणि सांगितल्याशिवाय ती कोणी चालू करणार नाही, असा एका माणसानं दुसऱ्या माणसाला दिलेला शब्द. त्यांच्या नोकरीत एकदाच कोणीतरी परमिट न घेता वर चढलं होतं. त्या दिवसाबद्दल साडू बोलत नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत स्क्रोल सॉ बसवली. ही नक्षीकामाची करवत. हिचं पातं दोऱ्यासारखं बारीक असतं, ते उभं राहून वरखाली नाचतं, आणि लाकूड फिरवत नेलं की हवं ते अक्षर, हवी ती वेलबुट्टी कापून निघते. दुरून पाहिलं तर शिलाई मशीनच वाटतं. शेजारी नव्यानं राहायला आलेल्या बाईंनी भिंतीपलीकडून आठ दिवस खटखट ऐकली आणि नवव्या दिवशी त्या ब्लाउजपीस घेऊन साडूंकडे आल्या. साडूंनी त्यांना बसवून घेतलं आणि अर्धा तास दोन यंत्रांतला फरक समजावून सांगितला. शेवटी अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, तो कपडा बाईंच्या हातातून घेतला आणि संध्याकाळपर्यंत ब्लाउज शिवून दिला.

या खोलीला साडूंनी खांबाचेच नियम लावले. करवतीची लाइन वेगळी घेतली, तिला चिनीमातीचा पांढरा फ्यूज बसवला, आणि तो फ्यूज अक्कांच्या ताब्यात दिला. अक्का तो पदराच्या गाठीत बांधतात. साडूंना करवत चालवायची असली की ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून परमिट मागतात आणि फ्यूज घेऊन जातात. पातं बदलायचं, पातं तुटलं, टेबलाखाली काही पडलं, की करवत बंद करून, पातं पुरतं थांबेपर्यंत हात मागे धरून, फ्यूज काढून तो पुन्हा स्वयंपाकघरात जमा करायचा. काम संपलं की दारात येऊन दोन्ही पंजे पसरायचे आणि "दहा हजर" असं सांगायचं. अक्का पोळी लाटता लाटता मान वर करून मोजतात. एकदा त्यांनी न मोजताच हो म्हटलं, तेव्हा साडूंनी पुन्हा मोजायला लावलं.

अक्षरांच्या पोटातली भोकं कापताना पातं एका बाजूनं सोडवून भोकातून ओवून घ्यावं लागतं, म्हणजे प्रत्येक भोकाला एक फेरी स्वयंपाकघराची. त्यामुळं साडू माणसांची नावं परमिटांत मोजतात. 'ग'ला एकही नाही, 'व'ला एक, 'ब'ला दोन. बाबाराव नावाच्या एका गृहस्थांनी दारावरची पाटी सांगितली, तेव्हा साडूंनी त्यांना तोंडावर सांगितलं की तुमच्या नावात पाच परमिटं आहेत, आठ दिवस लागतील. त्याउलट गजानन या नावाला एकही परमिट लागत नाही, आणि आपल्या भागात तेच नाव घरोघरी असल्यामुळं आपलं काम वेळेवर होतं, असं ते सांगतात.

एकदा अक्का साखरखेर्ड्याला लग्नाला गेल्या आणि फ्यूज पर्समध्ये तसाच राहिला. दोन दिवस करवत बंद. मी योगायोगानं तिथंच होतो. साडूंच्या कपाटात तसलेच कमीत कमी वीस फ्यूज पडून होते. त्यातला एक लावा, असं मी सुचवलं. साडूंनी कपाटाचं दार लावलं. "साडभाऊ," ते म्हणाले, "दुसरा फ्यूज लावला तं परमिट कशाचं? ते काय चिनीमातीत असते?" तिसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं अक्का आल्या. साडू बसस्टँडवर गेले होते. तिथंच त्यांनी परमिट घेतलं आणि मग बॅग उचलली.

खोलीत शिरण्याआधी ते आरशासमोर उभे राहून स्वतःची झडती घेतात. घड्याळ, अंगठी, मनगटावरचा काळा दोरा, गळ्यातलं उपरणं, सगळं खुंटीवर जातं. शर्टाच्या बाह्यांची बटणं लागतात, डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर फडकं येतं. पात्याचे दात खाली आहेत हे ते भिंगातून पाहतात. पातं ताणून झालं की नखानं छेडतात आणि कान देऊन ऐकतात. आवाज मोकळा आला तरच पुढे जातात, बसका आला तर पुन्हा ताण देतात. लाकडावर दाबपट्टी टेकलेली हवी, नाहीतर ते पात्याबरोबर उड्या मारतं. बोटं पात्याच्या समोर कधीच नाहीत, नेहमी दोन्ही बाजूंना. आणि ढकलायचं अजिबात नाही. लाकूड आपल्या पायानं चालतं, आपण फक्त वाट दाखवायची, असं त्यांचं म्हणणं. करवत चालू असताना त्यांना मागून हाक मारायला बंदी आहे. पुढून यावं, ते पाहतील असं उभं राहावं आणि थांबावं. लग्नाची पत्रिका द्यायला आलेले एक नातेवाईक असे चाळीस मिनिटं उभे होते. त्यांनी मध्येच बसून चहा घेतला, पुन्हा येऊन उभे राहिले, आणि साडूंनी शेवटी वर पाहिलं तेव्हा आपण कोणाच्या लग्नाचं सांगायला आलो, हे त्यांना पत्रिका उघडून पाहावं लागलं.

गेल्या दसऱ्याच्या आधी साडूंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिन्याभरात सुधारला, वाचाही परत आली, पण उजव्या हाताची बोटं मिटेनात. डॉक्टरांनी करवतीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, कारण त्यांना करवत माहीतच नव्हती. साडूंनीच ठरवलं. हात साथ देत नसेल तर मशीनजवळ जायचं नाही, हा त्यांचाच नियम होता. आणि ज्या घरात मशीन आहे त्या घरात हात केव्हातरी मशीनकडे जातोच, म्हणून मशीनच घरातून गेलं पाहिजे, हे त्यांनी त्यापुढचं पाऊल म्हणून ठरवलं. त्यांनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा आवाज नेहमीसारखा होता. अक्कांनी माझ्या बायकोला वेगळं सांगितलं. साडू रोज सकाळी चष्मा लावून, बाह्यांची बटणं लावून घेऊन पत्र्याच्या खोलीत जातात, बंद करवतीसमोर तासभर बसतात आणि परत येतात. करवत गेली तर हा माणूस उठून बसायचाही थांबेल, अशी त्यांना भीती होती.

म्हणून त्या रविवारी काय झालं ते नीट नोंदवलं पाहिजे. मी तिथं हजर होतो. देऊळगाव राजाच्या त्या फर्निचरवाल्यांनी मशीन एकदा चालवून पाहायला मागितलं. ते रास्त होतं. साडू स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"गिऱ्हाईक उभं हाय. फ्यूज दे."

"कोन चालवनार?" अक्कांनी विचारलं.

"ते चालवतीन."

"त्याइच्या बोटात आंगठी हाय. गळ्यात मफलर हाय. परमिट नाई."

फर्निचरवाले हसले आणि त्यांनी मफलर काढला. अंगठी मात्र लग्नातली होती आणि तेव्हापासून बोट बरंच वाढलं होतं. अक्कांनी साबण दिला, मग गोडंतेल दिलं. अंगठी सांध्यापाशी येऊन अडली.

"मावशी, मी मशीन इकत घेऊन राह्यलो," ते शेवटी म्हणाले. "आता काय कापून राह्यलो का?"

"मंग नेऊन काय त्याची पूजा करनार?"

फर्निचरवाल्यांनी साडूंकडे पाहिलं. साडूंना मशीन विकायचं होतं, पण नियमात त्यांना पळवाट सापडली नाही. "तिचं बराबर हाय," ते म्हणाले. पुढच्या रविवारी अंगठी काढून येतो, असं सांगून गिऱ्हाईक गेलं.

टेम्पो वळल्यावर अक्का म्हणाल्या, "मले शिकवा."

साडूंनी अक्कांच्या हाताकडे बोट दाखवलं. दोन्ही हातांत डझनभर हिरव्या बांगड्या होत्या. ज्या नियमानं अंगठीवाला परत गेला, तोच नियम बांगड्यांनाही होता.

"तुम्ही आहा तवर ह्या निघनार नाईत," अक्का म्हणाल्या. "आन यंदा तं अजिबातच नाई."

दुसऱ्या दिवशी अक्कांनीच तोड काढली. आपल्याकडे कापूस वेचायला जाणाऱ्या बाया नवऱ्याचा जुना शर्ट लुगड्यावर चढवतात, म्हणजे बोंडांच्या टोकांनी हात ओरबाडत नाहीत. अक्कांनी ट्रंकेतून साडूंचा नोकरीतला खाकी शर्ट काढला. बांगड्या कोपराकडे सरकवल्या, त्यांवर सुती पट्टी गुंडाळली, वरून बाही ओढून बटण लावलं आणि पदर कमरेला खोचला. साडूंनी डोळे मिटले आणि हात हलवायला सांगितलं. बांगड्या किणकिणल्या. पट्टीचा आणखी एक वेढा झाला. पुन्हा हलवला, तरी बारीक आवाज आला. तिसऱ्या वेढ्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. "पास," साडू म्हणाले.

चार दिवस त्यांनी अक्कांना विजेशिवाय शिकवलं. बंद पात्यापुढे प्लायवूडचा तुकडा धरायचा, कागदावरच्या रेषेनं फिरवायचा, बोटं कुठं आहेत ते सांगायचं. ढकलू नको, हे वाक्य त्यांनी किती वेळा उच्चारायचं ठरवलं होतं कोणास ठाऊक, पण ते त्यांना एकदाही उच्चारावं लागलं नाही. बाई जन्मभर शिलाई मशीनखाली कापड सोडत आली होती. कापड ढकललं तर सुई मोडते, वळणावर थांबून कापड फिरवायचं असतं, हे तिच्या हातांना माहीत होतं. पाचव्या दिवशी वीज आली. फ्यूज आता साडूंच्या ताब्यात होता; अक्का परमिट मागून तो घेऊन गेल्या आणि साडू स्वयंपाकघरात बसले. अक्कांनी 'व' कापायला घेतला. साडूंनी आतून विचारलं, पातं तापलं का. दोन मिनिटांनी विचारलं, रेष दिसते का. अक्कांनी करवत थांबवली, दारात आल्या आणि म्हणाल्या, "परमिट देनाऱ्यानं मधात बोलू नाई. तुमचाच नियम हाय." त्यानंतर साडूंनी डाव्या हातानं चहा केला. त्यात साखर दोनदा पडली होती. अक्कांनी तो सगळा प्यायला.

रविवारी फर्निचरवाले आले. अंगठी त्यांनी सोनाराकडून कापून घेतली होती. बोटावर पांढरा वळ होता आणि तो त्यांना आधी अक्कांना दाखवायचा होता. पत्र्याच्या खोलीतून खटखट ऐकू येत होती. अक्का आतच होत्या, त्यांना हाक मारता येत नव्हती, म्हणून ते पुढून जाऊन दारासमोर उभे राहिले आणि थांबले. बऱ्याच वेळानं साडू बाहेर आले. माणूस अंगठी कापून आला आहे आणि आपण शब्द दिला होता, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी माफी मागितली.

"लाइन चालू झाली," ते म्हणाले. "चालू लाइनीले आपुन हात लावत नाई."

फर्निचरवाल्यांनी खोलीत पाहिलं, खाकी शर्ट पाहिला, टेबलावरचा 'व' उचलून उजेडात धरला. मग ते बसले आणि त्यांनी आपल्या दुकानाच्या पाटीचं काम सांगितलं. नावात किती परमिटं आहेत ते साडूंनी तिथंच मोजून दिलं. सात निघाली.

ती पाटी फाल्गुनात देऊळगाव राजाला गेली. त्यानंतर आणखी चार गेल्या. अक्का कापतात, साडू डाव्या हातानं कडा घासतात आणि पॉलिश लावतात. उजव्या हातात दिवसभर रबरी चेंडू असतो. बोटं आता अर्धी मिटतात. डॉक्टर म्हणतात, आणखी सुधारेल, किती ते सांगता येत नाही.

गेल्या रविवारी आम्ही उभयता तिकडे जेवायला होतो. दसऱ्यापासून साडू डाव्या हातानं चमच्यानं जेवतात आणि म्हणून कोणाच्या पंगतीला जात नाहीत. त्या दिवशी ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी होती. साडूंनी चमचा ताटाबाहेर ठेवला आणि उजव्या हातानं भाकरी मोडायला घेतली. भाकरी मोडली, पण तुकडा निसटून पाटावर पडला. तो त्यांनी त्याच हातानं उचलला, भाजीला लावला आणि खाल्ला.