शेवटचं प्रकरण आणि बेलवलीची रिक्षा

मंडळी, आज संध्याकाळी बदलापूर स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसून मी मनोभावे प्रार्थना केली, की ही रिक्षा भरू नये.

भाचीची, सायलीची, कादंबरी तिच्या मैत्रिणीकडे बेलवलीला पोचवायची होती. चौघी मैत्रिणींत एकच प्रत फिरते. जी उशीर करते, तिला पुढचा भाग सगळ्यांत शेवटी मिळतो. माझं मात्र शेवटचं प्रकरण राहिलं होतं, ते रिक्षा भरून सुटायच्या आत संपवायचं होतं.

कादंबरीतल्या जगातले पूल खोटं बोलणाऱ्याचं वजन पेलत नाहीत. सोळा वर्षांची इरा भावाला वाचवण्यासाठी खोटं बोलून पुलाच्या मध्यावर पोचली होती. पहिली फळी निखळली.

"एक सीट बेलवली, एक सीट," रिक्षावाला ओरडत होता. "मॅडम, थोडं सरका."

चौथा प्रवासी आलाच, रिक्षा सुटली. खड्ड्यांत अक्षरं नाचू लागली.

दारात मैत्रीण हात पुढे करून उभी. "काकू, सायलीचा नंबर जाईल हं."

दिलं पुस्तक. लगेच सायलीला फोन लावला. "इरा जगते ना गं?"

"मावशी, तू वाचतेस त्या संस्कृत नाटकांत नायिका मरत नाही ना?"

"नाही."

"हे संस्कृत नाटक नाहीये." फोन ठेवला कार्टीने.

ज्यांनी वाचलंय, त्यांनी कमेंटमध्ये कृपया मौन पाळावं. मला मात्र मेसेजमध्ये नुसतं 'जगते' एवढं कळवलंत तरी चालेल.